स्वानंदचं रक्त

“तुले तिचं पोट पाहवून नाही राहिलं, कुमुद. तेवढं कबूल कर अन् जेव.”

मीराबाईंनी पोळी वाढता वाढता थोरल्या सुनेला हे ऐकवलं. समोर धाकटी जाऊ देवश्री, तिसरा महिना लागलेली, जेवायचं थांबून एकटक तिच्याकडे बघत होती. शेजारी देवश्रीचा नवरा, स्वानंद.

कुमुद बोलली होती ते एवढंच. भाऊजींच्या रक्तात थॅलेसेमिया आहे. त्यांना स्वतःला त्याचा त्रास नाही, होणारही नाही. देवश्रीच्या रक्तात सिकलसेल आहे, ते लग्नाआधीपासून सगळ्यांना ठाऊक. दोन्ही एकाच बाळात उतरलं तर… गर्भाची तपासणी करून घ्या, आत्ताच.

“सोयरीक ठरताना कोण म्हणे, पोट्ट्याचं रक्त गंगाजळ आहे म्हणून?”

“मीच म्हणाले होते, आई.”

हेच तर अंतःकरण कुरतडत होतं! शहराच्या आरोग्य संस्थेत सिकलसेल शोधायचं काम कुमुदचं. रोज सुरुवातीला एका निरोगी माणसाचं रक्त लावायचं, त्याच्याशी बाकीची ताडून बघायची. त्याला कंट्रोल म्हणायचं. ते रक्त स्वानंदचं. “वहिनी, डास परवडला,” म्हणत तो हात पुढे करायचा. सिकलसेल नाही म्हणजे रक्त निर्दोष, असं ती मनोमन धरून चालली. दुसरं काही तिथं कुणी शोधतच नव्हतं. मग थॅलेसेमियाही दाखवणारं नवं मशीन आलं, सवयीनं तिनं तेच रक्त आधी लावलं, आणि पडद्यावरची एक रेघ नको तितकी उंच गेली…

“माझ्या संशोधनाच्या मशीनवर माझ्या नवऱ्याचं रक्त,” देवश्री म्हणाली. ती त्याच संस्थेत डॉक्टर. “कुणाला विचारलं होतं? स्वतःला मूल नाही, म्हणून माझ्या बाळाला आजार चिकटवायचा?”

“देवू, बस कर ना यार,” स्वानंद पुटपुटला.

कुमुद ताट घेऊन उठली. नवरा, भास्कर, गेल्यापासून या घरात तिची मान ताठ होती ती त्या नोकरीमुळे. हे कुणी बोलत नसे. सगळे जाणत असत.

देवश्रीनं संस्थेत कुमुदविरुद्ध तक्रार केली. बिनपरवानगी नमुना लावला. नमुना कुणाचा, ते मात्र देवश्रीनं लिहिलं नाही.

मग स्वानंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. “समता कॉलोनीतल्या लॅबमध्ये जाऊन आलो, वहिनी. वही निकला, थॅलेसेमिया.”

“देवश्रीला सांगितलं?”

“सांगितलं. दार लावून बसली आहे.”

तक्रार मात्र मागे घेतली गेली नाही.

चौकशी नवा रायपूरच्या कार्यालयात झाली. संचालक डॉ. चारुदत्त विचारत होते. तक्रारदार म्हणून देवश्री समोरच बसलेली.

नमुना कुणाचा होता?

“सांगता येणार नाही, सर.”

(सांगता येत होतं. कंट्रोलचा, सर. कंट्रोल लावायला परवानगी लागत नाही. एका शब्दात नोकरी वाचत होती… पण मशीनच्या नोंदीत निकाल होता, आणि कंट्रोल म्हणजे स्वानंद, हे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत. देवश्रीच्या पोटातला जीव कँटीनमध्ये चघळला गेला असता.)

घरातल्या कुणाचा?

“नाही.”

(हे मात्र खोटं.)

काही कारण?

(                )

मग सेवा संपवावी लागेल, मॅडम. समजतंय ना?

“हव, सर.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“ते कंट्रोल होतं,” देवश्री म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती, रागच होता, पण तो आता कुणावर, ते तिलाही उमगत नसावं. “माझ्या नवऱ्याचं रक्त. त्यांना थॅलेसेमिया आहे, मला सिकलसेल, आणि मी गरोदर आहे. तक्रार चुकीची होती. लिहून घ्या, सर.”

बाहेर रुंद रस्त्यावर बसचा पत्ता नव्हता. दोघी थांब्यावर अंतर राखून उभ्या राहिल्या.

“का नाही बोललात? मी जन्मभर उपकाराखाली राहावं म्हणून?”

“पोट तुझं आहे. सांगायचं तर तू सांगशील.”

“आईंच्या मनात मी काय काय भरवलं तुमच्याबद्दल, माहीत आहे?”

“भिंती पातळ आहेत घराच्या.”

देवश्रीचा हात नकळत पोटाकडे गेला, आणि इतका वेळ तोललेला चेहरा एकाएकी पोरीसारखा भेदरला…

“तपासणी उद्या आहे, ताई. आई येते म्हणाल्या, मी नको म्हटलं. स्वानंदला घाम फुटतो. वाईट निघालं तर मी आधी तुमच्यावरच चिडणार आहे.”

“चीड.”

“तरी याल?”

“सकाळी ऊन चढायच्या आत निघू आपण,” कुमुद म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिचे डोळे भरून आले.