घोळका हटला की मुंगी बिथरते

"अगं बाई! मघाशी वर्गात तर कशी सुतासारखी सरळ चालत होती!" तैबा ओरडली.

इरा मुंगीमागे धावली. गोष्ट २०४६ सालची. मुंगी म्हणजे इरा, तैबा धरून कन्याशाळेतल्या आठवीच्या चौघींनी बनवलेला, दवाखान्यात औषधं पोचवणारा छोटा रोबो. पांढऱ्या फ्लेक्सवरची काळी पट्टी धरून चालायचं, एवढंच तिचं काम. पण आज पटांगणात आणल्यापासून ती पट्टी सोडून थेट नळाकडे निघत होती. चार वाजता परीक्षक येणार होत्या. त्यांच्यासमोर मुंगीने एक फेरी नीट मारली, तरच शाळेचा संघ पहिल्यांदा राज्यस्पर्धेला जाणार होता. आणि मुंगीचा प्रोग्रॅम (यंत्राला दिलेल्या सूचनांची यादी) एकट्या इराने लिहिला होता.

गंमत बघा, चौघी धावत जाऊन तिच्याभोवती वाकल्या की बाईसाहेब शहाण्यासारख्या पट्टीवर! दोन पावलं मागे सरल्या की पुन्हा नळाकडे. वर्गात सराव करताना असं एकदाही झालं नव्हतं.

"हिला आपली सवय लागलीय," तैबा म्हणाली.

"यंत्राला कसली डोंबलाची सवय!" इरा चिडली खरी, पण तिचं तिलाच काही कळेना. परीक्षेच्या वेळी तर सगळ्यांनी लांब उभं राहायचं होतं. ती रडवेली झाली. "बाई, माझंच चुकलंय काहीतरी. प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाला तरी द्या."

विज्ञानाच्या बनसोडे बाई मुंगीशेजारी फतकल मारून बसल्या. "ते नंतर बघू. आधी सांग, हिला पट्टी दिसते कशी?"

"पोटाखाली संवेदक आहे (उजेड मोजणारा भाग). पांढऱ्यावरून जास्त उजेड परत येतो, काळ्यावरून कमी."

"किती जास्त, किती कमी? वाच बरं आकडे."

इराने टॅब उघडला. भोवती घोळका असताना पांढऱ्याचा आकडा ऐंशी, काळ्याचा वीस. मग सगळ्या मागे सरल्या. पांढरा पंचाण्णव, आणि काळा चक्क पासष्ट!

"मी सीमामूल्य (अलीकडे काळं, पलीकडे पांढरं असं ठरवणारा आकडा) पन्नास दिलंय," इरा पुटपुटली. तिने आकडे दोनदा वाचले. डोक्याचा पार भुगा झाला. मग तिची नजर स्वतःच्या सावलीवर गेली.

"अय्या, ऊन! आपण वाकलो की मुंगी सावलीत असते. बाजूला झालो की पोटाखालीही ऊन शिरतं. काळी पट्टीसुद्धा पन्नासच्या पलीकडे जाते. तिच्या लेखी सगळंच पांढरं!"

"मग छत्री धरू या?" तैबाने विचारलं.

"नियमात बसत नाही," बाई म्हणाल्या. "प्रोग्रॅम तेवढा बदलता येईल."

"मग तिलाच मोजू दे!" इरा म्हणाली. "निघण्याआधी मुंगी जागच्या जागी वळून काळं-पांढरं दोन्ही बघेल आणि मधला आकडा स्वतःच काढेल. पासष्ट आणि पंचाण्णवच्या मध्ये ऐंशी."

"यालाच अंशांकन म्हणतात (जागेप्रमाणे मोजमाप जुळवून घेणं). लिही पटपट!"

चारला परीक्षक आल्या. मुली लांब उभ्या राहिल्या. मुंगी डावीकडे वळली, उजवीकडे वळली आणि भर उन्हात एकटीच निघाली. वळणावर जराशी डुगडुगली तेव्हा इराने डोळेच मिटले. तैबाची आरोळी ऐकू आली तेव्हा फेरी पुरी झाली होती. परीक्षकांनी हसून होकाराची मान हलवली, आणि तैबा इराच्या गळ्यातच पडली.

"बाई, तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं ना?" इराने विचारलं.

"छे गं! मुंगी नळाकडे पळाली तेव्हा मीही चक्रावलेच होते. म्हणून तर आकडे वाचायला लावले तुला."

इरा बघतच राहिली. बाईंनाही कळत नव्हतं?

"आता मला सांग, फेरीच्या मध्येच ढग आला तर?"

इराने वर पाहिलं, मुंगीकडे पाहिलं.

"माहीत नाही, बाई," ती म्हणाली. "पण प्रोग्रॅम माझ्याकडेच राहू द्या."