टाकीतली चार मिनिटं

सिनेमा तयार झाला की तो आधी साठ-सत्तर अनोळखी माणसांना दाखवायचा आणि बाहेर पडताना त्यांच्या हातात एक कार्ड आणि पेन्सिल द्यायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. कार्डावर तीनच प्रश्न असतात. काय आवडलं? काय खटकलं? मित्राला बघायला सांगाल का? मी संकलक आहे. चित्रित झालेल्या तुकड्यांतला कुठला ठेवायचा, कुठला फेकायचा आणि कुठे जोड मारायचा, हे ठरवणारी. बावीस वर्षं हेच करतेय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक दिग्दर्शकासाठी लिहितात आणि दुसऱ्याचं माझ्यासाठी, हे आता अंगवळणी पडलंय.

हा सिनेमा माझ्या धाकट्या भावाचा, दिग्दर्शक तोच. पन्नास वर्षांपूर्वीचा काळ, रुंद पायांच्या पँटी, गालांवर उतरलेले कल्ले, साइडकार लावलेली लाल मोटरसायकल आणि दोन खासगी गुप्तहेर. एक ताडमाड, दुसरा गोल गरगरीत. त्यांचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर, त्यामुळे प्रत्येक गंभीर चर्चेत खालून वाफ येते. एका बँडचा ट्रम्पेट चोरीला जातो आणि तो शोधताना हे दोघं अख्खं शहर उलथंपालथं करतात. गाद्यांच्या दुकानातल्या मारामारीत तर इतका कापूस उडतो, की कोण कोणाला बडवतंय हे बडवणाऱ्यांनाही कळत नाही.

उंच हेर म्हणजे बांबूकाका. गोल हेर म्हणजे मामा. दोघांनी तीस वर्षं रंगभूमीवर एकत्र काम केलेलं. मामांनी लग्न केलं नाही. ते काकांच्या समोरच्या घरात राहायचे आणि दोन्ही वेळा काकांकडेच जेवायचे. काकूंनी त्यांना भाऊ मानलं होतं, म्हणून ते सगळ्यांचेच मामा झाले.

पटकथेत बेचाळीस नंबरचा एक सीन होता. गुंड मागे लागलेत म्हणून दोघं जिना चढून गच्चीवर जातात आणि पाण्याच्या टाकीत लपतात. श्वास घ्यायला एकच नळी, ती आळीपाळीने ओढायची. आणि मामांना लागते उचकी. ही कल्पना मामांचीच. सेटवर जेवणाच्या सुट्टीत ते बादली घेऊन सगळ्यांना करून दाखवायचे. "अरे, हा सीन झाला की मी मरायला मोकळा," असंही म्हणायचे.

सीनच्या अकरा दिवस आधी मामा झोपेतच गेले. टाकी बांधून तयार होती, तिच्यात पाणी कधी भरलंच नाही. बाकी सगळं चित्रीकरण उरकलेलं असल्यामुळे मी एक सरळ जोड मारला. एकेचाळीसमध्ये दोघं जिना चढतात, त्रेचाळीसमध्ये रस्त्यावरून पळताना दिसतात. बरा जोड होता. कुणाला काही कळलं नसतं.

पहिला चाचणी-खेळ शनिवारी सकाळी अकराला झाला. चौसष्ट कार्डं आली. मी आणि धाकटा ऑफिसात चहा घेत ती वाचत बसलो.

"ताई, हे ऐक," धाकटा म्हणाला. "'गाद्यांच्या दुकानात माझी बायको इतकी हसली, की माझ्याशी चार दिवस चाललेला अबोला विसरली. धन्यवाद.'"

"हे बघ," मी दुसरं कार्ड पुढे केलं. " 'गोल माणूस चालतो तेव्हासुद्धा विनोद करतो.'"

असं छान चाललं होतं. मग माझ्या हातात एक कार्ड आलं. अक्षर किरटं, शिस्तीचं. 'काय खटकलं?'च्या खाली लिहिलं होतं : 'दोघे टाकीतून निथळत बाहेर पडतात आणि लगेच पुढच्या दृश्यात कोरडे ठणठणीत! संकलन कच्चे आहे.'

मला आधी रागच आला. मग लक्षात आलं, टाकी तर सिनेमात नाहीच.

"युनिटमधलं कुणीतरी बाहेर बोललंय," धाकटा म्हणाला. "कुणीतरी थट्टा केली."

ते पटण्यासारखं होतं. मीही मान हलवली.

दुसऱ्या शनिवारी आम्ही थेटर बदललं, शहराचं टोक बदललं. प्रेक्षकांत एका इस्पितळातल्या नर्स होत्या आणि एका पोहण्याच्या क्लबातले पेन्शनर. एकोणसाठ कार्डं आली. त्यातल्या एकेचाळिसांत टाकी होती.

'सातव्या उचकीला माझी कवळी पडता पडता वाचली.'

'पाण्यात बुडबुडे येतात तेव्हा उंच माणसाचे डोळे बघा!'

'इतक्या वर्षांत नवरा पहिल्यांदा मोठ्याने हसला, मी दचकलेच.'

पटकथेत उचक्या पाच होत्या. उचक्या मोजणाऱ्या सगळ्या कार्डांत सात.

मी संगणकावर सिनेमा लावला आणि त्या जोडावर चित्रागणिक पुढे-मागे केलं. जिन्याचं शेवटचं चित्र. रस्त्याचं पहिलं चित्र. मधे सुई शिरायला जागा नाही. लांबी दोन तास चार मिनिटं, कागदोपत्री होती तेवढीच. तरी माझं समाधान होईना. मी तो जिनाच उडवून टाकला आणि ती प्रत तळमजल्यावरच्या विमा कंपनीच्या बारा जणांना दाखवली. बाराही जण डोळे पुसत बाहेर आले. "टाकी म्हणजे कहर आहे हो!" त्यांचे साहेब म्हणाले.

जिना मी परत जागच्या जागी ठेवला.

तिसऱ्या शनिवारी मी स्वतः प्रेक्षकांत जाऊन बसले. शेजारी काकू होत्या. बांबूकाका मामांनंतर घराबाहेर पडत नव्हते. सिनेमा बघणार नाही म्हणून त्यांनी निक्षून सांगितलं होतं. काकू मात्र म्हणाल्या, "मी येते गं. माझ्या भावाचं शेवटचं काम आहे."

सुरुवातीचा पाऊण तास त्या ओठ मिटून बसल्या होत्या. मामा दिसले की पदराचं टोक नाकाशी. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. पण तो जोड जवळ आला तशी मी नजर पडद्यावर रोवली. जिना चढणारी चार पावलं. आणि रस्ता.

त्या एका क्षणात सगळं थेटर फुटलं. हळूहळू वाढत गेलेलं हसू नव्हतं ते. बराच वेळ हसून दमलेल्या माणसांचं, शेवटचं, धापा टाकणारं हसू होतं. माझ्या पुढचा माणूस खुर्चीच्या पाठीवर डोकं ठेवून हुंदके दिल्यासारखा हसत होता. काकूंचा चेहरा अश्रूंनी भिजला होता आणि त्या दोन्ही हातांनी पोट धरून म्हणत होत्या, "पुरे रे मेल्या, पुरे!"

मी घड्याळ बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं कमी. जोडाची वेळ हीच, एक सेकंदही इकडेतिकडे नाही.

सिनेमा संपल्यावर मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

"काकू, काय पाहिलंत तुम्ही?"

"म्हणजे? तूच तर जोडलंयस."

"तरी सांगा ना."

त्यांनी सांगितलं. उचक्या, नळी, बुडबुडे. हातवारे करून, मधेच पुन्हा हसत. "आणि शेवटी तो यांना नळी देतो ना, तेव्हा कान चोळतो बघ. घरी जेवण मनासारखं झालं की असाच कान चोळायचा. चार मिनिटं माझा भाऊ समोर होता गं. वर्षभरात मी अशी हसले नव्हते." त्यांनी डोळे पुसले. "यांनी मला सांगितलं नाही हे शूट केल्याचं. गंमतच आहे. हल्ली स्वारी खुशीत असते, पण सांगत काही नाही."

"खुशीत?"

"अगं, शनिवारी दुपारी जेवणाआधी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो त्यांचा. पाच मिनिटं फार तर. उठतात ते हसतच. केस ओलेचिंब असतात. घाम येत असेल."

"कितीला लागतो डोळा?"

"बाराच्या सुमाराला."

मी त्याच दुपारी काकांकडे गेले. त्यांनी दाढी केली होती, खिडक्या उघडल्या होत्या. टॉवेलने डोकं पुसत त्यांनी स्वतः चहा टाकला. हाच माणूस महिन्यापूर्वी माझ्याशी धड बोलतही नव्हता.

"काका, स्वप्न पडतं का तुम्हाला?"

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग लहान मुलासारखे हसले. "तुला कोणी सांगितलं? पाणी गार असतं बरं का. आणि तो गाढव सात उचक्या देतो. पाच ठरल्या होत्या! मी म्हटलं, अरे, लिहिलंय तेवढंच कर. तर म्हणतो, लोकांना आवडतंय."

"मी तो जोड बदलू शकते. सिनेमाच थांबवता येईल."

"हात लावलास तर याद राख," काका म्हणाले. रागाने नाही, अगदी मायेने. "तीस वर्षं काम केलं आम्ही. एकच सीन राहिला होता, पोरी. तो आता रोज होऊ दे."

मी धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "वितरकाला काय सांगू? नसलेला सीन काढून टाकलाय म्हणून?" वितरकाने सिनेमा एका खेळात बघून घेतला होता आणि करारात एक ओळ घालून घेतली होती : टाकीच्या दृश्याला कात्री लावू नये.

शुक्रवारी सिनेमा चाळीस थेटरांत लागला. रोज चार खेळ. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही तिकीटखिडकीसमोरच्या पायरीवर बसून बाहेर पडणारे लोक बघत होतो. एक आजोबा नातीला उचकी लागल्याचं नाटक करून दाखवत होते. कॉलेजची पोरं एकमेकांच्या तोंडात शीतपेयाची नळी कोंबत होती. तिकीट तपासणारा म्हणाला, "बाई, लोक दार उघडून बाहेर येतात तेव्हा आतली हवासुद्धा हलकी वाटते." धाकट्याने माझा हात घट्ट धरला. सहा वर्षं त्याने या सिनेमासाठी घासली होती. इतक्या आनंदात मी फार क्वचित असते.

त्या आठवड्यात काकूंचा दोनदा फोन आला. काका आता बरेच झोपतात, म्हणाल्या. दिवसाला दहा, साडेदहा तास. उठले की भरपूर जेवतात, गाणी म्हणतात. डॉक्टरांनी तपासलं, नाडी तरुणासारखी आहे म्हणाले. "काळजीचं काही नाही गं. उशी तेवढी सारखी वाळत घालावी लागते."

मी हिशेब केला. चाळीस थेटरं, चार खेळ, चार मिनिटं. दहा तास चाळीस मिनिटं.

रविवारी धाकटा धावतच जिना चढून आला. "ताई! उद्यापासून नव्वद थेटरं! नव्वद!" त्याने मला उचलून गरकन फिरवलं. मीही हसले. तो पुन्हा फोनवर बोलायला लागला तेव्हा मी एका कोऱ्या कार्डाच्या पाठीवर गुणाकार मांडला. नव्वद गुणिले चार, गुणिले चार. चौदाशे चाळीस मिनिटं.

एका दिवसात तेवढीच असतात.

मी त्याला सांगितलं. त्याने लगेच वितरकाला फोन लावला. प्रती केव्हाच रवाना झाल्या होत्या.

सोमवारी मी काकांकडे पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. खोलीत स्वच्छ उजेड होता. काका मोठ्या पलंगाच्या मधोमध झोपले होते. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि काकूंनी डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवली होती. चेहऱ्यावर इतकं सुख मी कुणाच्या पाहिलेलं नाही.

"सकाळपासून असेच आहेत," काकू म्हणाल्या. "सुखात आहेत गं."

"उठवूया."

काकूंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. एकदा, दोनदा. मी हाक मारली.

काकांनी डोळे उघडले. आमच्याकडे बघून ते ओळखीचं हसले.

"सीन संपला का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या घटकेला शहरात नाहीतर आणखी कुठे जिना चढणारी चार पावलं चालू असणार, हे मला माहीत होतं. खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"नाही," मी म्हणाले.

"मग झोपू द्या की."

त्यांनी डोळे मिटले. मग झोपेतच, सवयीने सरकावं तसे ते पलंगाच्या कडेला सरकले, भिंतीकडची चांगली ऐसपैस जागा मोकळी करत.

काकू चादर सारखी करायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

भिंतीकडची गादी हळूहळू खाली दबत होती.