दाराकडे सरकणारी खुर्ची

"तो पंखा बघा, फार कुरकुरतो," दारातल्या माणसाच्या खिशातला टेस्टर दिसताच बालवाडीच्या बाईंनी फर्मावलं.

वायरमननं मुकाट्यानं स्टुलावर चढून पंखा नीट केला. मग स्टुलाच्या पायाला बिलगलेल्या चार वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवलं. "मी खरं तर पुतणीला सोडायला आलो होतो..."

बाई कानापर्यंत लाल झाल्या.

पुतणीला सगळे टिल्ली म्हणत. शाळेचं नाव काढलं तरी तिला रडू फुटे. बाईंची रीत ठरलेली होती – घरच्या माणसानं पहिल्या दिवशी मुलाशेजारी खुर्चीत बसायचं, आणि खुर्ची रोज दोन फरशा दाराकडे सरकायची. मूल रमलं की खुर्ची बाहेर!

टिल्ली रमू लागली. कुणी ठोकळ्यांना हात लावला तरी किंचाळणारी पोर आता "माझं झालं की तुझी पाळी" म्हणायला लागली. वायरमन इवल्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन बसे. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, की त्याला एकदम छताच्या वायरिंगमध्ये फारच रस वाटे.

दाराशी दोनच फरशा उरल्या आणि बाईंचा हात अडला. खुर्ची बाहेर गेली, की हाही गेला...

तीन दिवस त्यांनी खुर्ची हलवली नाही. आठ वर्षांच्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं. आपल्या मनासाठी पोरीला अडवून धरलंय, हे त्यांना झोंबत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून थेट व्हरांड्यात ठेवली.

"अचानक हद्दपार?" तो हसला.

"चुकलं माझं. ती केव्हाच तयार होती. मीच... तुम्हाला थांबवून ठेवलं."

त्यानं आवाज खाली आणला. "एक सांगू? रागावू नका. सोमवारीच ती म्हणाली, काका, तू जा आता, मला कामं आहेत."

"मग?"

"मग काय! मीच गयावया केली – बसू दे गं अजून थोडे दिवस."

बाईंनी आत पाहिलं. टिल्लीचे हात कोपरापर्यंत रंगात होते, दाराकडे पाठ. पोरीचं काहीच अडलं नव्हतं! बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि हसू काही आवरेना.

"म्हणजे उद्यापासून मी फाटकावरूनच परत?"

"पालकांना नियम म्हणजे नियम." बाईंनी उगाच पदर सारखा केला. "शाळा नऊला भरते. मी मात्र... साडेआठला येते."

"आणि मी आठलाच आलो तर?"

"तर अर्धा तास बाहेर उभं राहावं लागेल."

"राहीन की."