शेवटची नळी

बाप आणि मुलगा दोघंही गाड्यांचे मिस्त्री असले की घरात पाने-पकडी आणि वाद यांचा तुटवडा नसतो. आज मात्र वाद घालायला आप्पांकडे दमच नव्हता. सकाळपासून त्यांच्या छातीत घरघर होती. जंगलातल्या कच्च्या वाटेवर जीप हळूहळू उतरत होती. धाकटा चालवत होता आणि त्याची थोरली बहीण मागच्या सीटवर आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खाली डांबरी रस्ता लागला की दवाखाना. आप्पांचा श्वास चालू असेपर्यंत तिथे पोचायचं, एवढंच दोघा भावंडांच्या डोक्यात होतं.

नको तेव्हा नको तेच झालं. गवतात लपलेला वाळक्या झाडाचा खुंट पुढच्या जाळीतून थेट आत शिरला. फस्स करून वाफ उठली आणि चाकांखाली हिरवं पाणी पसरलं. धाकट्याने लगेच इंजिन बंद केलं.

"फार लागलंय का रे?" ताईने विचारलं.

"रेडिएटर फुटलाय. करतो काहीतरी."

फोनला रेंज नव्हती आणि वाटेला चिटपाखरू नव्हतं. रेडिएटर पितळेचा असता तर कथलाने झाळून भागलं असतं, पण हा ॲल्युमिनियमचा. त्याला वाटेत झाळ बसत नाही. फुटलेल्या नळ्या पकडीने चिमटून दुमडायच्या, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, थापायची आणि उरलेल्या नळ्यांवर गाडी हाकायची, एवढाच उपाय. नळ्या कुठे फुटल्यात ते शोधायची रीत आप्पांची होती: खालचं तोंड चिंधीने बुजवायचं, जाळीला साबणाचं पाणी फासायचं आणि वरच्या पाइपला तोंड लावून फुंकायचं. फुगा येईल तिथे भोक. लोक पंप वापरायला लागले तरी आप्पा तोंडानेच फुंकत. "माझा निम्मा श्वास लोकांच्या रेडिएटरांत अडकलाय," असं ते हसत सांगत आणि मग बराच वेळ खोकत.

इंजिन निवल्यावर धाकट्याने पाइपला तोंड लावून फुंकलं. तीन जागी फुगे आले. श्वास घ्यायला त्याने तोंड बाजूला केलं आणि फुगे बसले.

मग ते पुन्हा फुगले.

आत वाफ राहिली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण जाळीवर हात ठेवला तर ती गार लागत होती. त्याने पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. अंगठा आतून हलकेच ढकलला गेला, मग आत ओढला गेला, मग पुन्हा ढकलला गेला.

"ताई, कसे आहेत?"

"आहेत. मघापेक्षा सावकाश चाललाय श्वास."

मागून घरघर आली, फुगे वर आले. घरघर थांबली, फुगे बसले.  असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस धाकटा नव्हता आणि आज तर ठेवायला सवडही नव्हती. त्याने जाळीची पाती कापून जागा केली, पहिली नळी दोन्ही बाजूंनी चिमटली आणि दुमडली. मागे आप्पांना जोरात उचकी लागली. दुसरी चिमटली तेव्हा त्यांचे पाय दारावर आपटलेले त्याला ऐकू आले.

"काय करतोयस तू तिथे?" ताई ओरडली. "पकड चालली की यांना घुसमटायला होतं."

आता शेवटची नळी उरली होती. तिच्यावरचा फुगा मोठा होत होता आणि लहान होत होता.

"तेवढी राहू दे," ताई म्हणाली. "पाणी ओतत ओतत जाऊ."

"एवढ्या भोकाला पाणी पुरतंय का? अर्ध्या वाटेत इंजिन बसेल. मग यांना खांद्यावर न्यायचं का?" तो चिडून बोलला खरा, पण मनातून तो घाबरला होता. ताईचं ऐकावं असं त्याला फार वाटत होतं.

तेवढ्यात आप्पांचा हात खिडकीतून बाहेर आला. दोन बोटं मिटली आणि मनगट वळलं, पकड फिरवतात तसं.

"गळती ठेवून गाडी सोडायची नाही," आप्पा म्हणाले. शब्द मोजके होते, पण स्पष्ट होते.

जन्मभर ज्यांच्याशी वाद घातला, त्यांचं धाकट्याने आज मुकाट्याने ऐकलं. त्याने नळी चिमटली.

फुगा आला नाही.

मागूनही काही आलं नाही.

त्याने मान वळवली नाही. त्याने लांबी मळून थापली, ती कडक होईपर्यंत हात लावला नाही. चिंधी काढून पाइप जोडले, जवळच्या ओढ्याचं पाणी भरलं, आत दाब साठू नये म्हणून झाकण सैल ठेवलं. इंजिनाची उष्णता थोडी तरी ओढली जावी म्हणून हीटर पूर्ण उघडला आणि चावी फिरवली.

हीटरच्या झरोक्यातून गरम हवा आली. थांबली. पुन्हा आली. तिच्यात बारीक घरघर होती.

त्याने आरशात पाहिलं. ताईचा तळवा आप्पांच्या नाकासमोर होता. बराच वेळ होता. मग तिने तो काढून घेतला आणि शाल त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली, झोपलेल्या माणसावर ओढतात तशी.

पुढे चढ लागला. झरोक्यातली हवा धापा टाकू लागली. धाकट्याचा पाय आपोआप सैल झाला.

"हळू घे रे," ताई म्हणाली. "दम लागतोय त्यांना."

"हो."

रेडिएटरमधून एक थेंबही गळला नाही.

दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. त्याने मागचं दार उघडून आप्पांचं मनगट धरलं, पापणी वर केली आणि नजर खाली घातली.

"यांना जाऊन वेळ झालाय, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. मग धाकट्याकडे वळला. "दादा, गाडी बंद करा. धूर आत जातोय."

धाकट्याचा हात चावीवर गेला. झरोक्यातून गरम हवा त्याच्या मनगटावर आली, थांबली, आली. त्याने हात काढून घेतला.

ताई दोन सीटांमधून पुढे वाकली. तिचे डोळे कोरडे होते.

"टाकीत डिझेल किती आहे रे?" तिने विचारलं.