दवात उमटलेली ताटं

आमच्या आल्हादने पुण्यात एका मित्राच्या गच्चीवर 'बार्बेक्यू आयलंड', म्हणजे उघड्यावर भाजून तिथेच जेवायचा ओटा, पाहिलं आणि तेव्हापासून फोनवर त्याचंच पुराण सुरू झालं. तीन वर्षांत तो बुलढाण्याला एका रात्रीच्या वर राहिला नव्हता. लग्न त्याने आपल्या मनाने केलं, मी चार शब्द जास्त बोललो, आणि ते शब्द आम्हा दोघांच्या मध्ये येऊन बसले. एकदा तो सहज म्हणाला, "बाबा, असं काही आपल्या परसात असतं ना, तर आम्ही आठ-आठ दिवस येऊन राहिलो असतो." फोन ठेवला आणि मी टेप घेऊन परसात गेलो. मला माझा मुलगा घरी हवा होता, दुसरं काही नको होतं.

मी एकतीस वर्षं तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडले. ठोकळा यंत्रात ठेवायचा, दाब वाढवत न्यायचा, तडा गेला की आकडा लिहायचा. त्यामुळे जे मोजता येतं त्यावरच माझा विश्वास. माझी बायको शरयू म्हणते, "तुमी देवालेही तपासाले ठोकळा मागसान."

ओटा मी स्वतः कागदावर काढला. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, खाली विटांचे दोन पाय, वर चार इंची स्लॅब. एका टोकाला आल्हादची जाळी, दुसऱ्या टोकाला भट्टीच्या विटा लावून आमच्या रोडग्यांसाठी गोवऱ्यांचा खड्डा. देऊळघाटचा देवानंद मिस्त्री कामाला होता. अर्धं गाव त्याच्या हातचं आहे. स्लॅब टाकला त्याच रात्री आल्हादचा फोन, "पेटवलं का?" पी हळद नि हो गोरी, हे पोरगं लहानपणापासूनच असं.

"चौदा दिवस पाणी मारा लागते, सर," देवानंद म्हणाला, "अन् महिनाभर इस्तू पेटवाचा नाई. आत ओल राह्यली तं काँक्रीट तडकते."

मला हे सांगायची गरज नव्हती, पण ऐकून बरं वाटलं. स्लॅबवर मातीची आळी करून मी चौदा दिवस पाणी तुंबवून ठेवलं. पुढचे चौदा दिवस ओटा वाळू दिला. एकोणतिसाव्या दिवशी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, देवानंदने आणलेल्या गोवऱ्या पेटवल्या. निखारे पडल्यावर शरयूने कणकेचे रोडगे त्यात पुरले.

आमच्या घरात एक रीत आहे. नव्या चुलीवरचा पहिला रोडगा कोणी खायचा नाही. तो तुपाची धार सोडून विस्तवाजवळ ताटात काढून ठेवायचा. तो कोणाचा, हे माझ्या आईनेही कधी सांगितलं नाही. ती फक्त "ज्याचा त्याले" म्हणायची.

"पहिला काढून ठेवू द्या," शरयू म्हणाली.

"पहिला नमुना तपासायचा असतो," मी म्हणालो. मी तो फोडला, आतपर्यंत भाजलाय का ते पाहिलं आणि खाऊन टाकला. वर म्हणालोही, "आधी पोटोबा, मग विठोबा."

शरयू हसली नाही. देवानंद राख सारखी करत होता. "सर, आमच्यात हे काई मानत नाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण तुमच्यात मानतेत, तं ठेवा लागत होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत परसात गेलो. बुलढाणा उंचावर, इथली थंडी हाडात शिरते. सगळ्या ओट्यावर दव साचलं होतं. फक्त मधोमध दोन गोल जागा कोरड्या होत्या, ताटं रात्रभर ठेवून नुकतीच उचलावीत तशा. मी हात लावून पाहिला. गार होत्या. टेप लावला, दोन्ही बरोबर अकरा इंच. आमच्या घरातली ताटं अकरा इंचांची आहेत.

उष्णता कुठेतरी धरून राहिली असेल, सळ्यांमुळे असेल, असं मी स्वतःला समजावलं. रोज सकाळी दोन गोल दिसायचे. घरात आम्ही दोघं होतो.

मग एका शनिवारी चार दिसले. मी त्यांच्याभोवती खडूने रेघा मारल्या. अकरा वाजता फाटक वाजलं. आल्हाद आणि हिमानी, आमची सून, न कळवता बॅगा घेऊन उभे होते. "म्हटलं सरप्राइज द्यावं," हिमानी म्हणाली. सोमवारी पाच दिसले. त्या दुपारी देवानंद जाळी बसवायला आला आणि शरयूने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

दोन वेळा जुळलं म्हणून नियम होत नाही, हे मी पोरांना जन्मभर शिकवत आलो. तरी सकाळी परसाचं दार उघडताना माझा हात कडीवर थांबू लागला.

बाकी ते दिवस सोन्याचे होते. आल्हाद जाळीवर पनीर भाजायचा, हिमानी शरयूकडून रोडग्याची कणीक तिंबायला शिकायची. एका संध्याकाळी आल्हाद माझ्या खांद्याला खांदा लावून ओट्याला टेकला आणि म्हणाला, "बाबा, मस्त बांधलंय." मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी निखारे चाळवत बसलो.

गुरुवारी सकाळी तीन दिसले.

मी दोनदा मोजले. दव पुसून पाहावं, असं वाटलं, पण हात पुढे झाला नाही. आत आल्हाद माझ्या मोटारसायकलची किल्ली शोधत होता. शेगावला दर्शनाला जाऊन दुपारच्या जेवणापर्यंत परत यायचं त्याने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. वाटेत बोथ्याचा घाट लागतो. किल्ली माझ्या खिशात होती.

"आज नको जाऊ," मी म्हणालो.

"काऊन?" पुण्याची भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली.

"घाटात धुकं असीन."

"बाबा, ऊन पडलंय."

"मी सांगतो म्हणून."

हेच शब्द मी लग्नाच्या वेळी वापरले होते. त्याचा चेहरा तेव्हासारखाच मिटला आणि तो खोलीत निघून गेला. मला वाईट वाटलं, पण किल्ली मी दिली नाही.

तो घरात राहिला तरी आकडा तीनच होता. माणूस अंघोळीत घसरतो, विजेचा धक्का लागतो. मी त्याच्या खोलीबाहेर घुटमळत राहिलो. मग एक वेडा विचार सुचला. आज तिघंच जेवणार असतील, तर चौथा मी होतो. मी जेवलोच नाही, तर आकडा जुळेल आणि पोराला काही होणार नाही. मला स्वतःची लाज वाटली. तरी मी तेच केलं.

"पोटात बरं नाही," म्हणून मी समोरच्या ओसरीवर जाऊन बसलो. परसात ओट्यावर ताटं मांडल्याचा आवाज आला. शरयू वाढत होती. ती नेहमी सगळ्यांच्या मागून बसते. थोड्या वेळाने आल्हाद कशावर तरी हसला. त्याचा राग गेला होता. मी भुकेल्या पोटी देवाचे आभार मानले, आणि देव कोण ते त्या वेळी तपासलं नाही.

संध्याकाळ झाली. काहीही घडलं नाही. आल्हाद, हिमानी, शरयू. तीन. मी किल्ली परत दिली.

दिवेलागणीला स्वयंपाकघरात शरयूला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"मी कुठं जेवली आज?" ती म्हणाली.

"वाढताना तर ऐकलं मी," मी म्हणालो.

"तुमीच तेवढे पाहता का? मी सडा टाकाले तुमच्या आधी उठते. तीन पाह्यले अन् लेकरासाठी निरंकार धरला. पाण्याचा घोटही नाई घेतला."

म्हणजे दोघंच जेवले होते.

आम्ही परसात गेलो. नळापाशी खरकटी ताटं पडली होती.

तीन.

आल्हादच्या ताटात रोडग्याची करपलेली कड होती. हिमानीच्या ताटात मिरच्या बाजूला काढलेल्या होत्या. तिसरं ताट शरयूने स्वतःसाठी वाढून ओट्यावर झाकून ठेवलं होतं, पोरांना संशय येऊ नये म्हणून. मागून ते नळापाशी रिकामं दिसलं, तेव्हा तिला वाटलं, मलाच भूक धरवली नसेल आणि मी ते खाल्लं असेल.

ते चाटूनपुसून स्वच्छ होतं. वांग्याची देठं कडेला ओळीने लावली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. आमच्या घरात असं कोणी करत नाही.

शनिवारी पोरं सुखरूप पुण्याला पोचली. रविवारी सकाळी दवात तीन गोल होते आणि घरात आम्ही दोघं. दुपारी शरयूने तीन ताटं काढली. संध्याकाळी तिसरं रिकामं होतं. तेव्हापासून रोज असंच चाललंय. घण घालून ओटा फोडायचा विचार माझ्या मनात एकदाच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच गोल होता. मी ओट्यापाशी हात जोडले आणि दव वाळायच्या आत दुसरे दोन उमटले.

काल आल्हादचा फोन आला. मी परसाच्या दारात उभा होतो.

"बाबा, संक्रांतीला येतो. चांगले दहा दिवस."

हे ऐकायला मी आठ फुटांचा ओटा बांधला होता. पण ते दोघं आले की त्या तिसऱ्यासकट पाच उमटायला हवेत. चारच उमटले, तर कमी कोण, हे मला कोणत्या यंत्रात तपासता येईल?

"नको येऊ," मी म्हणालो. "इथं थंडी फार आहे."

परसात ओट्यापाशी शरयू मान खाली घालून तिसऱ्या ताटात वाढत होती.

"अजून एक घ्या ना," ती म्हणाली. "लाजू नका."

"बाबा," आल्हादने विचारलं, "आई कोणाले आग्रह करून राह्यली?"

"मलेच," मी म्हणालो.