धावपट्टीवरची ससाणी

"मॅडम, ब्रिना चोरीला गेली!"

एर्मेतेचा फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर तेक्लाने कॉफीचा पहिलाच घोट घेतला होता. कप तसाच टाकून ती धावली. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरच्या त्या चिमुकल्या विमानतळावर ब्रिना नसणं ही काही चेष्टा नव्हती. एर्मेतेची ही ससाणी वर घिरट्या घाली, म्हणून समुद्रपक्षी धावपट्टीपासून लांब राहत. रविवारीच एक पक्षी इंजिनात घुसला होता आणि भरलेलं विमान कसंबसं माघारी उतरलं होतं. त्यामुळेच आज दुपारी ब्रिनाची डॉक्टरी तपासणी होती.

ब्रिनाच्या खोलीचं कुलूप किल्लीनेच उघडलेलं. जमिनीवर एकही पीस नाही. ससाणीच्या डोळ्यांवर चढवायची कातडी टोपी खुंटीला.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे आणि ओराझिओकडे. रात्रीचा पहारा त्याचाच."

"म्हणजे तो चोर?"

"मी काय बोलू? तुम्हीच बघा."

दारात उभा असलेला पहारेकरी ओराझिओ पांढराफटक पडला. "अरे, माझ्या पोरीला बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तू हातात धरलंस! नोकरी जाईल माझी. गावात तोंड कसं दाखवू?"

तेक्ला खुंटीकडे वळली.

"एर्मेते, हिच्या टोप्या किती?"

"एकच."

"टोपीशिवाय गाडीतून नेता येते?"

"छे! आजूबाजूचं दिसलं की नुसतं थैमान घालेल, पंख मोडून घेईल..." बोलता बोलता त्याची नजर खुंटीवरच्या टोपीकडे गेली.

"टोपी इथे आणि पीस एकही पडलेलं नाही. म्हणजे नेताना ती फडफडलीच नाही. ब्रिनाला दिसत नाही, एर्मेते. तिला टोपी लागत नाही हे फक्त तुम्हाला माहीत होतं. रविवारी तिला उडवलं असं तुम्ही सांगितलंत. डॉक्टरांनी डोळे पाहिले असते तर ते खोटं पडलं असतं."

एर्मेते मटकन खाली बसला. "बहिणीकडे ठेवलीय. डोळ्यांत पडदा आलाय. तिला सुई देऊन मारतील आणि मला घरी बसवतील, म्हणून..."

"आणि विमानातली माणसं?" तेक्लाचा आवाज चढला.

"विचारलं असतंस," ओराझिओ हळूच म्हणाला, "तर दार माझ्याकडून उघडं राहिलं असं मी सांगितलं असतं. तू न विचारताच मला चोर केलंस."

एर्मेतेने हात पुढे केला. ओराझिओने आपले हात खिशातून काढले नाहीत.