घुबडाच्या अंगठीचं पान

"मला चोर म्हणाले," नर्सबाई दारातूनच म्हणाल्या. "आज पाचला माझा निकाल आहे."

वहिनींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि भावोजींना वर्तमानपत्र खाली ठेवायला सांगितलं. वहिनींचं तपासाचं दुकान म्हणजे दोन खोल्या, एक टेबल आणि एक दीर. भावोजी बावीस वर्षं औषधांच्या पुड्या बांधून निवृत्त झाले होते. डोकंही पुडीसारखंच बांधलेलं, सोडायला वेळ लागायचा.

"काय चोरलं म्हणतात?"

"एक पान."

"सोन्याचं?" भावोजींनी विचारलं.

"वहीचं."

भावोजींनी वर्तमानपत्र परत उचललं. वहिनींनी ते ओढून घेतलं.

नर्सबाईंनी सांगितलं ते असं. व्हायोलिनं बनवणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत आठ वर्षं दर शनिवारी एक खेळ चालत होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सूत्रधाराने गोष्ट सांगायची, अवघड प्रसंग आला की फासे टाकायचे. दुकानाचे थोरले मालक सूत्रधार होते. ते गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून त्यांची लेक गोष्ट चालवते. खेळणारे दोघेच उरले, नर्सबाई आणि घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी. नर्सबाईंचं पात्र रूपबदली. मनात येईल तेव्हा कोल्हा, मनात येईल तेव्हा घुबड.

"गेल्या शनिवारी माझं घुबड जळत्या बुरुजात अडकलं. माझ्या पात्राच्या बोटात आगीपासून वाचवणारी अंगठी आहे. पण रूप बदललं की अंगठी अंगात मिसळते. नियमांच्या पुस्तकात एवढंच लिहिलंय. मिसळल्यावर तिचा गुण चालतो का, यावर पुस्तक मिठाची गुळणी धरून बसलंय."

"मग ठरवणार कोण?"

"थोरल्या मालकांनी ठरवलं होतं. असल्या प्रत्येक अडचणीचा निवाडा ते एका वहीत लिहायचे. मी म्हटलं, गुण चालतो असा निवाडा आहे. घड्याळजी म्हणाले, चालत नाही असा आहे. वही उघडली, तर नेमकं तेच पान गायब. आणि मालकांचे जावई म्हणाले, चहाच्या सुट्टीत मला एकटीला वही चाळताना त्यांनी पाहिलं."

"एकट्या होतात?"

"शाल घ्यायला आत गेले होते. वहीला बोटसुद्धा लावलं नाही."

"मेलं घुबड तर मरू द्या की," भावोजी म्हणाले. "दुसरं घ्या."

"घुबडाचं काही नाही हो. नवरा गेल्यापासून सहा दिवस मी लोकांच्या जखमा बांधते आणि सातव्या दिवशी त्या टेबलाशी बसते. त्या दारातून चोर म्हणून बाहेर पडायचं नाही मला."

वहिनींनी चपला पायात सरकवल्या. "उठा, भावोजी."

दुकानात भिंतीला पाच व्हायोलिनं टांगलेली होती. भावोजींना दिसेल त्या वस्तूला हात लावायची खोड. त्यांनी चौथ्याला हात लावला आणि बोट चिकटलं.

"ओलं आहे," ते म्हणाले.

"रोगण वाळत नाही सध्या," जावई फडक्याला हात पुसत म्हणाले. "हवा दमट आहे. परत येतात गिऱ्हाइकांकडून."

वहिनींनी चौथ्या व्हायोलिनाची चिठ्ठी पाहिली. शेवटचा थर, तारीख दहा. मग पाचव्याची. शेवटचा थर, तारीख अकरा. पाचव्यावरून त्यांनी नख फिरवलं. ते काचेसारखं कडक वाळलेलं होतं.

"आज तारीख काय, भावोजी?"

"बावीस, शनिवार."

"म्हणजे गेला शनिवार पंधराचा." वहिनी जावयांकडे वळल्या. "तुम्ही काय पाहिलंत?"

"कप गोळा करायला वर गेलो. ही आणि घड्याळजी गॅलरीत होते. नर्सबाई एकट्याच टेबलाशी, हातात वही. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाल्या, जुना निवाडा शोधतेय, तुम्ही कप घेऊन जा."

"त्या स्वतः बोलल्या?"

"या कानांनी ऐकलं."

"तुम्ही खेळता का?"

"मला कुठला वेळ! फासे टाकून कुणाचं पोट भरलंय?"

वर लेक वही छातीशी धरूनच बसली होती. द्यायला तयार नव्हती. वहिनींनी नुसता हात पुढे धरून ठेवला. शेवटी तिने दिली.

"बाबांच्या अक्षराला पातं लावलं," ती म्हणाली. "नर्सबाई मला आईसारख्या होत्या. म्हणून जास्त लागलं."

एकेचाळिसावं पान शिवणीलगत कापलेलं होतं. रेघ अशी सरळ की शाळामास्तरांनी शाबासकी द्यावी. वहिनींनी आधीची-नंतरची पानं उलटली. प्रत्येक पानाच्या पुढच्या बाजूला एक निवाडा. चाळिसाव्याच्या पाठीवर सरस किती उकळायचा ते. बेचाळिसाव्याच्या पाठीवर व्हायोलिन वाजवायच्या कमानीचे केस धुवायची रीत.

"हे काय?"

"बाबांची सवय. पुढे खेळ, पाठीवर दुकान."

"पाठ तुम्ही वाचता?"

"मी कशाला? दुकान हे बघतात. बाबांनी सगळं शिकवलंय म्हणतात."

टेबलाच्या मधोमध एक लाकडी वाडगा होता, त्यात दोन पेनं. भावोजींनी तोही उचलून पाहिला.

"ठेवा तो," लेक म्हणाली. "पात्र जनावर झालं की खेळणाऱ्याने पेन वाडग्यात टाकायचं आणि तोंड मिटायचं. घुबड लिहीत नाही, बोलत नाही. माणसात परत येईपर्यंत, चहाच्या सुट्टीतसुद्धा. नियमाचा वाद निघून मी खेळ थांबवला, तरच बोलायचं."

घड्याळजी चारला आले. ताठ माणूस, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. "माझं भांडण नियमाशी आहे, बाईंशी नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"त्या दिवशी त्या घुबड कधी झाल्या?"

"अडीचला. बुरूज पेटला तेव्हा सव्वाचार. मधे एक अक्षर नाही. सुट्टीत मी बिस्कीट पुढे केलं, तर मान फिरवून डोळे मिचकावले. बाई कडक आहेत त्या बाबतीत. मागे एकदा गाढव झाल्या होत्या आणि पोस्टमन आला. त्यालाही मान हलवूनच वाटेला लावला. बिचारा परत कधी वर आला नाही."

जिन्यात भावोजींची पुडी सुटली. "घड्याळजीच! हरायचं नव्हतं त्यांना. नाहीतर निवाडा बाईंच्या विरुद्ध असेल, मग बाईंनीच कापलं."

"दोन्ही वेळा तुम्ही पानाची एकच बाजू बघताय," वहिनी म्हणाल्या.

पाचला सगळे वर जमले. नर्सबाई आपल्या जागेवर बसल्या नाहीत, भिंतीशी उभ्या राहिल्या. जावई दारात.

"बसणार नाही मी," त्या म्हणाल्या. "आधी ठरू दे."

"ठरतंय," वहिनी म्हणाल्या. "घाईतला हात पान फाडतो. हे पट्टी ठेवून, धारदार पात्याने, सवडीने कापलंय. शाल उचलायला गेलेल्या बाईला एवढी सवड मिळत नाही. म्हणजे पान त्या शनिवारी गेलंच नाही. आधीच गेलं होतं."

"पण यांनी पाहिलं ना!" लेक म्हणाली.

"पाहिलं नाही, ऐकलं. नर्सबाई बोलल्या म्हणाले. सुट्टीत त्या घुबड होत्या. पोस्टमनसाठी ज्या बाईने तोंड उघडलं नाही, ती चोरी करताना उघडेल? तेही चोरीची कबुली द्यायला? या टेबलाशी बसणाऱ्याने खोटं रचलं असतं, तर खुणेने सांगितलं म्हणाला असता. ही थाप टेबलाशी कधीच न बसलेल्या माणसाची."

घड्याळजींनी हळूच दाराकडे पाहिलं.

"ह्यांना काय करायचंय निवाड्याशी?" भावोजींनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. वहिनींनासुद्धा नवल वाटलं.

"काही नाही. त्यांना निवाडा नको होता, पाठ हवी होती. चाळिसाव्याच्या पाठीवर सरस, बेचाळिसाव्याच्या पाठीवर कमान. एकेचाळिसाव्याच्या पाठीवर काय होतं ते खालचं व्हायोलिन सांगतंय. दहा तारखेचं चिकट, अकराचं कडक. एका दिवसात हवा बदलत नाही एवढी. रोगण बदललं. दहा आणि अकराच्या मधे कुणाला तरी खरं प्रमाण सापडलं, आणि भांडण पंधराचं."

जावई उंबऱ्यावरच बसले.

"शिकवलंच नाही त्यांनी," ते म्हणाले. "दर वेळी म्हणायचे, पुढच्या थराला सांगतो. मग ते गेलेच. हिला मी सांगून बसलो होतो की येतं मला. वर्षभर व्हायोलिनं परत येतायत, रोज हवेचं नाव सांगतोय. दहाच्या रात्री वहीत दिसलं आणि कापून घेतलं. पुढच्या बाजूला काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही, शपथ. इथे आरडाओरडा झाला तेव्हा कळलं. आणि तोंडाला येईल ते बोललो."

"मागितली असतीत तर मी वही दिली असती," लेक म्हणाली.

"तेच तर नको होतं. तुझ्याकडे मागणं."

तिने तोंड फिरवलं. "पान आणा."

ते खाली गेले आणि पान घेऊन आले. पाठीवर रोगणाचे डाग, कडेला बोटांचे ठसे. ते लेकीला द्यायला गेले. वहिनींनी अडवलं.

"आधी त्यांना."

जावई नर्सबाईंसमोर उभे राहिले. नजर जमिनीवर.

"फरशीने नाही केलेली चोरी," नर्सबाई म्हणाल्या. "वर बघून बोला."

त्यांनी वर बघितलं. "खोटं बोललो मी. तुम्ही वहीला हात लावला नव्हता. माफ करा."

"ऐकलं. माफीचं बघू. आठवडाभर मला झोप नाही, तुम्हालाही आठवडा थांबायला हरकत नसावी." त्यांनी पान घेतलं, चष्मा लावला आणि पुढची बाजू मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "रूप बदलल्यावर अंगठी अंगात मिसळली, तर तिचा गुण झोपतो. पुन्हा माणूस झाल्यावर जागा होतो. नाहीतर रूपबदलीला कशाचीच भीती उरणार नाही, आणि भीती नाही तर गोष्ट कसली? नर्सबाई रुसतील. रुसू द्यावं."

घड्याळजी खोकले. जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

"आठ वर्षं उलटंच धरून बसले होते मी," नर्सबाई म्हणाल्या. "रुसले असणार, म्हणून शेवट ऐकलाच नसेल."

"सूत्रधार आता मी आहे," लेक घाईने म्हणाली. "तुमच्यावर एवढा अन्याय झालाय. निवाडा बदलते मी. घुबड जगेल."

"खबरदार! बापाच्या निवाड्याला आत्ताच एकदा पातं लागलंय." नर्सबाईंनी खुर्ची ओढली आणि आपल्या जागेवर बसल्या, नीट, पाठ टेकून. "फासे टाक. आगीचे."

लेकीने टाकले. सगळे वाकले. भावोजीसुद्धा.

"मेलं," घड्याळजी हळू आवाजात म्हणाले.

"मेलं तर मेलं. ते चोरटं घुबड म्हणून नाही मेलं." नर्सबाईंनी आठ वर्षांचा पात्राचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "कोरा कागद दे."

घड्याळजींनी स्वतःची पेन्सिल काढली, टोक केलं, फुंकर मारली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"आता कोण होणार तुम्ही?" लेकीने विचारलं.

नर्सबाईंनी पेन्सिल उचलली.

"लोहारीण," त्या म्हणाल्या. "एकच रूप. आणि तोंड कधीच बंद नाही."